मुदत, तहकुबी आणि मुदतवाढ : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात करविषयक कालमर्यादेचा इतिहास

राज्यसंस्थेचा कर आणि प्रजेची ऐपत यांच्या संबंधाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने कराच्या तारखेचा विचार फार थोडा झाला आहे. वस्तुतः कर किती, या प्रश्नाइतकाच तो केव्हा, हा प्रश्न प्रजेच्या जिव्हाळ्याचा असतो. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी येण्यापूर्वी साऱ्याचा हप्ता मागितला, तर तोच सारा असह्य होतो. आणि धान्य विकून झाल्यावर मागितला, तर तोच सुसह्य ठरतो. ठरलेली तारीख पाळणे शक्य नसेल तेव्हा ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अटीवर पुढे ढकलावी, याविषयीचे संकेत हा त्या त्या काळाच्या शासनपद्धतीचा एक विश्वसनीय पुरावा होय. आज प्राप्तिकराचे विवरणपत्र दाखल करण्याची मुदत वाढली की ती वार्ता सर्वत्र पसरते. परंतु या मुदतवाढीच्या पाठीशी महसुली व्यवहाराची एक दीर्घ परंपरा आहे, याची जाणीव क्वचितच आढळते. धाराशिव जिल्ह्याच्या महसुली इतिहासाच्या आधारे या परंपरेची रूपरेषा मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१) शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट ठरेल. ‘मुदत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी धातूचा अर्थ ताणणे, लांबविणे असा आहे. म्हणजे मुदत या शब्दातच लांबणीचा भाव पूर्वीपासून आहे. मराठीने मात्र त्याला ‘ठरवून दिलेली मर्यादा’ असा नेमका उलट, आखीव अर्थ दिला. आणि मग ती मर्यादा सैल करण्याची वेळ आली तेव्हा त्यालाच ‘वाढ’ हा देशी शब्द जोडून ‘मुदतवाढ’ हा समास सिद्ध केला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही पुनरुक्ती असली, तरी व्यवहाराच्या दृष्टीने ती अर्थपूर्ण आहे. जे मुळात ताणता येण्याजोगे होते, ते शासनाच्या हाती घट्ट झाले आणि पुन्हा ताणण्यासाठी वेगळ्या आज्ञेची गरज भासू लागली.

महसुली व्यवहारातील इतर शब्दही असेच बोलके आहेत. ‘हप्ता’ म्हणजे फारसीत आठवडा. मराठीत तो ठरावीक काळाने द्यावयाच्या रकमेचा वाचक झाला. ‘बाकी’ म्हणजे उरलेले. तिच्यामागे ‘थकणे’ हे देशी क्रियापद लागून ‘थकबाकी’ झाली. या शब्दात थकते ती रक्कम. परंतु ऐकणाऱ्यास थकलेला माणूसही दिसल्यावाचून राहत नाही. ‘तगाई’च्या मुळाशी बळ देण्याची कल्पना आहे, ‘कौल’ म्हणजे दिलेला शब्द. ‘सूट’ मात्र ‘सुटणे’ या आपल्याच क्रियापदापासून आलेली आहे. या शब्दसमूहात दोन शब्दांमधील भेद विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘तहकुबी’ म्हणजे मागणी कायम ठेवून वसुली पुढे ढकलणे, आणि ‘सूट’ किंवा ‘माफी’ म्हणजे मागणीच सोडून देणे. तहकुबीत काळ बदलतो, रक्कम बदलत नाही. सुटीत रक्कमच बदलते. या दोहोंचा घोटाळा झाला म्हणजे प्रजेची फसगत होते, आणि तो घोटाळा सर्वच काळी होत आला आहे.

यांच्या जोडीला व्यापाऱ्यांच्या पेढीवरचा तिसरा शब्दप्रयोग आहे, तो ‘मुदती हुंडी’चा. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यावे लागतात. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या दिवसांनंतर मिळतात, आणि त्या दिवसांची किंमत व्याजाच्या वा बट्ट्याच्या रूपाने मोजावी लागते. येथे काळ ही कृपा नाही. ती विकत घ्यावयाची वस्तू आहे. महसुलाची तहकुबी आणि हुंडीची मुदत या दोन भिन्न कल्पना आहेत. प्राप्तिकराची मुदतवाढ यांपैकी कोणत्या कुळीची, हा पुढील विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

(२) थकबाकीपोटी गेलेला जिल्हा

धाराशिव जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभच एका न फिटलेल्या देण्याने होतो, ही गोष्ट या संदर्भात मननीय आहे. हैदराबादच्या निजामाने पोसावयाच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी ईस्ट इंडिया कंपनीकडे वर्षानुवर्षे साचत गेली. अखेर मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि त्या वेळी नळदुर्ग या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा यांचा कारभार निजामाने कंपनीकडे सोपविला. यांच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च भागावा, अशी ती योजना होती. सामान्य रयतेस सारा थकला म्हणजे बैल किंवा जमीन गमवावी लागे. येथे खुद्द राज्यकर्त्याची बाकी थकली आणि रयतेसह मुलूख गेला. देणेकरी मोठा असला म्हणजे मुदत मिळते, हा समजही सर्वस्वी खरा नाही, एवढे यावरून दिसते.

कंपनीच्या अमदानीत नळदुर्गचा कारभार कॅप्टन फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे आला. कादंबरीकार म्हणून ते प्रसिद्ध असले तरी या जिल्ह्यात त्यांचे नाव जमीनमोजणी आणि महसुलाची घडी यांच्याशी निगडित आहे. १८५७ मध्ये त्यांची वऱ्हाडात बदली झाली. पुढे डिसेंबर १८६० च्या तहाने नळदुर्ग व रायचूर दुआब निजामाकडे परत आले आणि सुमारे ५० लक्ष रुपयांचे जुने कर्ज रद्द करण्यात आले. १८५७ च्या उठावात निजामाचे राज्य इंग्रजांच्या पाठीशी राहिले, त्याचे हे पारितोषिक होते. येथे तहकुबीचे रूपांतर माफीत झाले. परंतु ते राजकीय सेवेचा मोबदला म्हणून झाले, अडचणीची दखल म्हणून नव्हे.

याच १८६० साली इंग्रजी मुलखात प्राप्तिकराचा जन्म झाला. उठावामुळे रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी फेब्रुवारीत अंदाजपत्रकाद्वारे या कराची योजना मांडली आणि जुलैपासून कायदा अमलात आला. तो पाच वर्षांनी संपला. अनेक फेरफारांनंतर १८८६ च्या कायद्याने या कराला स्थैर्य आले, आणि शेतीचे उत्पन्न त्यातून वगळण्यात आले. नळदुर्गचा जिल्हा मात्र त्याच वर्षअखेर निजामाच्या राज्यात परत गेल्यामुळे पुढील सुमारे ९० वर्षे ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राप्तिकर कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्या काळात येथील जनतेला राज्याच्या मुदतीचा जो अनुभव आला, तो प्रामुख्याने जमीन महसुलाचा होता.

(३) पिकाचे वर्ष आणि सरकारचे वर्ष

१८५३ मध्ये दिवाणपदी आलेल्या पहिल्या सालारजंग यांनी मक्त्याने महसूल गोळा करण्याची पद्धत क्रमाने मोडून काढली आणि १८६५ च्या सुमारास जिल्हेबंदी केली. मराठवाड्यातील जिल्ह्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व रयतवारी आकारणी झाली. मक्तेदाराच्या अमलात मुदत ही त्या त्या मक्तेदाराच्या मर्जीवर अवलंबून असे; कारण त्याने दरबारात भरलेली रक्कम त्याला वर्षाच्या आत रयतेकडून काढावयाची असे. खात्याच्या कारभारात तारखा नियमाने ठरू लागल्या. ही सुधारणा खरीच; परंतु नियमाने ठरलेली तारीख पावसाला ठाऊक नसते.

या अडचणीवरचा सर्वांत जुना उपाय खुद्द कालगणनेतच आढळतो. हिजरी वर्ष चांद्र असून ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्याप्रमाणे वसुली केली तर दरसाल तारीख पिकाच्या पुढे सरकत जाते, आणि सुमारे ३२ सौर वर्षांत ३३ चांद्र वर्षे होऊन रयतेच्या माथी एका वर्षाचा जादा सारा बसतो. म्हणून अकबराच्या काळी महसुलाकरिता ऋतूंशी जुळणारी फसली गणना सुरू झाली, आणि शाहजहानच्या काळात ती दक्षिणेत आली. ‘फसल’ या शब्दाचा मूळ अर्थ विभाग, ऋतू. त्यावरून हंगाम आणि पीक. सरकारी वर्षाला पिकाचे नाव मिळणे ही साधी बाब नव्हे. सरकारच्या तारखेने शेताच्या तारखेपुढे घेतलेली ती माघार होती. हैदराबाद राज्यात हीच गणना कायद्यांच्या नावांतही टिकून राहिली. तेथील जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इ.स. १९०७ चा, फसली सालात ५९० मिळविले असता इसवी साल येते.

तथापि गणना ऋतूशी जुळली म्हणून प्रत्येक ऋतू चांगला जातो असे नाही. बालाघाटाच्या रांगेवरील व तिच्या उतारावरील हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. भूम, परंडा, कळंब, तुळजापूर या भागांत रब्बीच्या ज्वारीवर संसाराची भिस्त असे, आणि परतीचा पाऊस चुकला की ती भिस्त नाहीशी होई. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खनच्या सर्वच जिल्ह्यांना हा धडा कठोरपणे शिकविला. अशा वर्षी तहकुबी कोणत्या रीतीने द्यावी, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला.

मुंबई इलाख्यात या प्रश्नाचे जे उत्तर निघाले, ते पुढे मराठवाड्यालाही लागू होणाऱ्या कारभाराचा पाया असल्यामुळे येथे पाहणे आवश्यक आहे. प्रारंभी तहकुबी व्यक्तिशः तपास करून द्यावी, असा कल होता. कोण खरोखर असमर्थ आहे आणि कोण समर्थ असून कांगावा करीत आहे, हे तलाठ्याने व मामलेदाराने ठरवावयाचे. यात विलंब तर होईच, शिवाय कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता जाई. दुष्काळ आयोगांच्या चौकशीनंतर आणि १९०५ च्या हिंदुस्थान सरकारच्या ठरावानंतर दृष्टी पालटली. व्यक्तीची ऐपत पाहण्याऐवजी गावाचे पीक पाहावयाचे, असे तत्त्व रूढ झाले. सोळा आणे पीक पूर्ण धरून प्रत्यक्ष पीक किती आणे आले ते ठरविणे म्हणजे आणेवारी. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षापुरती संपूर्ण सारा तहकूब करावा, असा नियम झाला.

व्यक्तीकडून क्षेत्राकडे झालेले हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे. एका रयतेच्या अर्जाची जागा एका गावाच्या अंकाने घेतली. त्यामुळे अर्जदाराची लाचारी संपली. परंतु सर्व वाद त्या एका अंकावर येऊन ठेपला. १९१८ चा खेडा सत्याग्रह याचे ठळक उदाहरण होय. तेथे रयतेचे म्हणणे पीक चार आण्यांहून कमी आहे असे होते, आणि अधिकाऱ्यांची आणेवारी त्याहून अधिक होती. म्हणजे गांधीजींच्या नेतृत्वाखालील तो लढा नियमाविरुद्ध नसून नियमाच्या अंमलबजावणीविषयी होता, आणि मागणी तहकुबीची होती. सारा बुडवावा असे खेड्याच्या शेतकऱ्यांनी म्हटले नव्हते. तो या वर्षी मागू नये, एवढेच ते म्हणत होते.

तहकुबीची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. तहकूब झालेला सारा पुढच्या वर्षीच्या मागणीत मिळविला जाई. पुढचे वर्ष चांगले गेले तर ती सोय उपकारक ठरे. लागोपाठ दोन वर्षे वाईट गेली तर दुसऱ्या वर्षी दुहेरी ओझे उभे राही, आणि ते फेडण्यासाठी रयत सावकाराच्या दाराशी जाई. सरकारने दिलेली मुदत अशा वेळी सावकाराच्या व्याजात रूपांतरित होई. तहकूब रकमेस थकबाकीदाराचा दोष चिकटत नसे, हे खरे. परंतु दोष नसला म्हणून देणे नाहीसे होत नाही. म्हणूनच जुन्या तहकुब्या ठरावीक काळानंतर माफीत वर्ग कराव्यात, ही मागणी तहकुबीच्या इतिहासात पुनःपुन्हा ऐकू येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे आले. हैदराबादचा जुना कायदा जाऊन १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्या ७८ व्या कलमाने पीक बुडणे, पूर किंवा अन्य नैसर्गिक आपत्ती या कारणांवरून एखाद्या क्षेत्रातील महसूल कमी करण्याचा, तहकूब ठेवण्याचा वा त्यात सूट देण्याचा अधिकार शासनास दिला. या कलमातील ‘क्षेत्र’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

(४) प्राप्तिकराचे आगमन

हैदराबाद राज्याने आपला स्वतंत्र प्राप्तिकर कायदा केला तो अगदी अखेरच्या काळात, १३५७ फसलीमध्ये, म्हणजे १९४७-४८ साली. पोलीस कारवाईनंतर राज्य भारतीय संघराज्यात समाविष्ट झाले आणि १ एप्रिल १९५० पासून १९२२ चा भारतीय प्राप्तिकर कायदा येथे लागू झाला. शेतीचे उत्पन्न या कराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांना त्याचा प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही. तो झाला व्यापारी, अडते, गिरणीमालक, वकील आणि वेतनधारक यांना. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचल्यापासून ते गाव मोठ्या बाजारपेठेचे ठाणे बनले होते, आणि १९८२ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत ते याच जिल्ह्यात होते. येथील पेढ्यांना मुदती हुंडीचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. विवरणपत्राची मुदत त्यांना नवी होती.

या दोन मुदतींत मूलभूत फरक आहे. जमीन महसुलात सरकार स्वतः मोजणी करते, आकार ठरविते आणि रक्कम मागते. रयतेने केवळ पैसे द्यावयाचे असतात. प्राप्तिकरात करदात्याने प्रथम स्वतःविषयी निवेदन करावयाचे असते. म्हणून येथे दोन तारखा निर्माण होतात : एक निवेदनाची आणि दुसरी पैशाची. विवरणपत्राची मुदत ही प्रथमतः सांगण्याची मुदत होय, देण्याची नव्हे. प्राप्तिकराच्या मुदतवाढीविषयीचे बहुतेक गैरसमज हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे उद्भवतात.

१९२२ च्या कायद्यातील २२ व्या कलमाप्रमाणे प्राप्तिकर अधिकाऱ्याने दरवर्षी १ मेपर्यंत वृत्तपत्रांतून जाहीर सूचना द्यावयाची आणि विवरणपत्रासाठी ६० दिवसांहून कमी नसेल एवढी मुदत ठेवावयाची असे. एखाद्यास व्यक्तिशः सूचना दिल्यास ती मुदत ३० दिवसांहून कमी नसावी, असा निर्बंध होता. याला जोडूनच, अधिकाऱ्यास स्वविवेकाने ही तारीख वाढवून देता येई. वाजवी कारणावाचून विवरणपत्र न देणाऱ्यास कराच्या दीडपटीपर्यंत दंड होऊ शकत असे. जो पैसा वसूल होत नसे, त्याबद्दल दाखला पाठविल्यावर जिल्हाधिकाऱ्याने तो जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करावा, अशीही तरतूद होती. प्राप्तिकर नवा होता. परंतु त्याची वसुली शेवटी त्याच जुन्या कचेरीच्या दाराशी येऊन थांबत होती.

येथे एक ऐतिहासिक विपर्यास दिसतो. जमीन महसुलाने व्यक्तिशः तपासाची जी पद्धत अर्धशतकापूर्वी टाकून दिली होती, तिच्यापासूनच प्राप्तिकराने आरंभ केला. शेतकऱ्याची मुदत गावाच्या पिकावरून ठरू लागली होती. व्यापाऱ्याची मुदत मात्र त्याने अर्ज करून, कारण दाखवून मागावयाची होती. आजारपण, मुनिमाचा मृत्यू, हिशेबाच्या वह्या न्यायालयात अडकणे अशी कारणे कोणत्याही सारणीत बसत नाहीत. ती ऐकूनच घ्यावी लागतात. उत्पन्न हे पिकासारखे सर्व गावाचे मिळून एक नसते, त्यामुळे या पद्धतीला स्वतःचे समर्थन होते. तिचा दोषही तोच होता. ऐकणाऱ्याच्या मर्जीवर सर्व अवलंबून राही, आणि जिल्ह्याच्या कोपऱ्यातील दुकानदारापेक्षा कचेरीत ज्याचा वकील नित्य जाई, त्याला मुदत सुलभतेने मिळण्याचा संभव अधिक असे.

(५) अर्जाकडून परिपत्रकाकडे

१९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने आरंभी ही अर्जाची वाट कायम ठेवली. १३९ व्या कलमाखाली विहित नमुन्यात अर्ज करून अधिकाऱ्याकडून मुदत वाढवून घेता येई. मात्र विशिष्ट तारखेपलीकडच्या वाढीवर व्याज लागू केले गेले. हुंडीचे तत्त्व कायद्यात शिरले ते येथे. मुदत मिळेल, परंतु तिची किंमत पडेल. १ जानेवारी १९६४ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ अस्तित्वात आले. ११९ व्या कलमान्वये उत्पन्नाच्या वा प्रकरणांच्या एखाद्या वर्गासाठी नियम शिथिल करण्याचा अधिकार या मंडळाच्या हाती राहिला.

खरा पालट १९८९ मध्ये झाला. १९८७ च्या दुरुस्ती अधिनियमाने १ एप्रिल १९८९ पासून, व्यक्तिशः मुदत वाढवून देण्याचा अधिकाऱ्याचा अधिकार काढून घेतला. त्याच वेळी ‘२३४ अ’ हे कलम येऊन उशिराच्या विवरणपत्रावरील व्याज आपोआप लागू झाले. पुढे २०१७ च्या वित्त अधिनियमाने, उशिराच्या विवरणपत्रावर स्वतंत्र विलंबशुल्कही आणले. आता करदात्यास मुदत मागण्यासाठी कोणासमोर उभे राहण्याची गरज उरली नाही. उभे राहण्याची सोयही उरली नाही. मुदत वाढावयाची तर ती मंडळाच्या परिपत्रकाने, एका वर्गातील सर्वांसाठी एकदम. एकट्या व्यक्तीस ‘खरीखुरी अडचण’ असल्यास मुदत टळून गेल्यानंतर विलंबाची माफी मागता येते; विशेषतः परतावा वा सवलत यांच्या दाव्यासाठी. जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर व्यक्तीसाठी तहकुबीचे दार बंद होऊन माफीची खिडकी तेवढी उघडी राहिली.

या बदलाचे मूल्यमापन एकांगी होऊ नये. मर्जीचा अंमल संपला, हा मोठा लाभ आहे. मुंबईच्या सनदी लेखापालाच्या पक्षकारास आणि उमरग्याच्या कापड दुकानदारास एकच तारीख लागू होते. परंतु जेथे अडचण खरोखर व्यक्तीची असते, तेथे वर्गासाठी काढलेले परिपत्रक उपयोगी पडत नाही. आणि जेथे अडचण सर्वांची असते, तेथे ती दिल्लीपर्यंत पोहोचविणारा आवाज मोठा असावा लागतो.

अन्य देशांनी या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना १५ एप्रिल ही तारीख परिचयाची असते. तेथे ४८६८ क्रमांकाचा अर्ज मुदतीच्या आत पाठविला की कारण न देता ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत विवरणपत्राची मुदत मिळते. मात्र कराचा पैसा एप्रिलमध्येच भरावा लागतो; न भरल्यास व्याज सुरू होते. सांगण्याची मुदत व देण्याची मुदत यांतील भेद त्या पद्धतीने इतका स्पष्ट केला आहे की त्याविषयी संदेहास जागा राहू नये.

(६) अलीकडील दोन वर्षे

भारतातील अलीकडच्या अनुभवाची दोन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. २०२० मध्ये महामारीमुळे सर्व व्यवहार थांबले तेव्हा ३१ जुलैची तारीख क्रमाने ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर आणि अखेर १० जानेवारी २०२१ अशी पुढे गेली. तथापि ज्यांचा स्वयंनिर्धारित कर एक लक्ष रुपयांहून अधिक होता, त्यांना व्याजाच्या बाबतीत ही वाढ मिळाली नाही. म्हणजे मोठ्या देणेकऱ्यास सांगण्याची मुदत वाढली, देण्याची नाही. तहकुबी आणि मुदती हुंडी या दोन्ही कल्पना एकाच आदेशात शेजारी शेजारी बसविल्याचे हे उदाहरण होय.

दुसरे वर्ष २०२५ चे. विवरणपत्रांच्या नमुन्यांत झालेले फेरफार व संगणकीय यंत्रणेची तयारी या कारणांवरून ३१ जुलैची तारीख मे महिन्यातच १५ सप्टेंबरवर नेण्यात आली. पुढे अखेरच्या रात्री ती एका दिवसाने, १६ सप्टेंबरपर्यंत, वाढविली गेली. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः भूम व परंडा तालुक्यांत, अतिवृष्टीने व पुराने हाहाकार उडविला. उभे सोयाबीन गेले, जनावरे वाहून गेली, शेतांची मातीही गेली. ऑक्टोबरच्या प्रारंभी राज्य शासनाने सुमारे ३१,६०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन आणि वसुलीस स्थगिती या परंपरागत सवलती होत्या. इकडे प्रत्यक्ष कर मंडळाने २५ सप्टेंबर रोजी लेखापरीक्षण अहवालांची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरवर नेली. त्या निवेदनात देशाच्या काही भागांतील पूर व नैसर्गिक आपत्ती यांमुळे कामकाजात आलेल्या व्यत्ययाचा उल्लेख होता. पुढे ती तारीख १० नोव्हेंबर झाली, आणि लेखापरीक्षण आवश्यक असणाऱ्या करदात्यांच्या विवरणपत्राची मुदत १० डिसेंबरपर्यंत वाढली.

या दोन आदेशांची तुलना उद्बोधक आहे. महसुलाचा आदेश क्षेत्रासाठी होता : कोणते तालुके, कोणती मंडळे, हे त्यात ठरत होते. प्राप्तिकराचा आदेश ‘काही भागांतील’ पुराचे कारण सांगून साऱ्या देशातील वर्गास मुदत देत होता. ज्याच्या दुकानात पुराचे पाणी शिरले तो परंड्याचा व्यापारी, आणि ज्याच्या कार्यालयात थेंबही पडला नाही तो अन्य प्रांतातील कारखानदार, दोघांनाही सारखेच दिवस मिळाले. एकास ते अपुरे होते, दुसऱ्यास अनावश्यक. शतकापूर्वी जमीन महसुलाने जे शिकून घेतले होते, की आपत्ती जेवढ्या क्षेत्रावर येते तेवढ्या क्षेत्रास आणि तेवढ्या खोलीने तहकुबी द्यावी, ते प्राप्तिकराच्या व्यवहारात अद्याप पुरेसे उतरलेले नाही. उलट, आदेश शेवटच्या घटकेस काढण्याची रीत महसुलात ज्या कारणासाठी निंद्य ठरली होती, त्याच कारणासाठी येथेही निंद्य आहे. ज्याने कर्ज काढून किंवा रात्री जागून तारीख पाळली, त्याला मुदतवाढीचा लाभ होत नाही. त्याच्या प्रामाणिकपणावर तो एक प्रकारचा दंडच असतो.

(७) निष्कर्ष

येथवरच्या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मुदतवाढ ही आधुनिक संगणकीय कारभाराची उपज नसून महसुली राज्याइतकीच जुनी आहे. दुसरी अशी की, तिच्या मागे दोन स्वतंत्र कल्पना आहेत. तहकुबीत आपत्तीची दखल असते आणि काळ विनामूल्य मिळतो. मुदती हुंडीत काळाची किंमत असते. प्राप्तिकराची मुदतवाढ नावाने तहकुबीसारखी, परंतु वृत्तीने बव्हंशी हुंडीसारखी आहे. तिसरी, आणि व्यवहारदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची, अशी की, यांपैकी कोणतीही सूट नव्हे. तारीख पुढे गेली म्हणजे देणे कमी झाले असे समजणारा रयत पूर्वी दुसऱ्या वर्षी सावकाराकडे गेला. तसे समजणारा करदाता आज व्याजाची आकडेमोड पाहून चकित होतो.

१९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर शासकीय व्यवहारात संस्कृतोद्भव परिभाषा दृढ झाली. ‘विवरणपत्र’, ‘निर्धारण वर्ष’, ‘प्राप्तिकर’ हे शब्द त्या वळणाचे आहेत. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमाने, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला, पूर्ववर्ष व निर्धारण वर्ष ही जोडी टाकून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा पत्करली आहे. परिभाषा याप्रमाणे बदलत असताना ‘मुदत’ हा शब्द मात्र जागचा हललेला नाही. फसली सालाच्या दप्तरात, हुंडीच्या कागदावर, तलाठ्याच्या नोटिशीत आणि प्राप्तिकराच्या परिपत्रकाच्या मराठी वार्तेत तोच आढळतो. नळदुर्ग, उस्मानाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव अशी जिल्ह्याची नावे बदलली, राज्ये बदलली, नाणी बदलली. तथापि ठरलेल्या दिवशी न देता येणारा माणूस आणि त्या दिवसाचा आग्रह धरणारे राज्य यांचा संबंध त्या एका शब्दाभोवती फिरत राहिला आहे. तो अभ्यासताना वाढवून मिळालेल्या दिवसांची संख्या मोजणे पुरत नाही. ते दिवस कोणाला मिळाले, केव्हा कळविले गेले आणि त्यांचे व्याज कोणी भरले, हेही प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.